मोइनाच्या पोटातला धागा

मायक्रोप्लास्टिकमुळे गोड्या पाण्यातल्या लहान जिवांचं काय होतं, याबद्दलची आपली बरीचशी माहिती डॅफ्निया मॅग्ना या एकाच जातीवर उभी आहे. ती जात थंड मुलखातली, आणि प्रयोगात वापरलेलं प्लास्टिक म्हणजे बहुतेक वेळा पॉलिस्टायरिनचे विकत आणलेले गुळगुळीत गोळे. ठाण्यात खोपटच्या सिद्धेश्वर तलावात किंवा मासुंदा तलावात असे गोळे कोण टाकतं? तिथे जातात पिशव्यांचे तुकडे, मखरांच्या थर्माकोलचा भुगा आणि धुण्याच्या पाण्यातून सुटलेले धागे. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या प्रयोगशाळांनी आता इथलाच जीव आणि इथलंच प्लास्टिक घेऊन चाचण्या कराव्यात, असं आमचं ठाम मत आहे.

धागा हलक्यात घेण्यासारखा नाही. पॉलिस्टरचे धागे डॅफ्नियाला दिल्याचा स्लोव्हेनियातल्या संशोधकांचा प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आतड्यात बहुतेक धागे ३०० मायक्रॉनच्या आसपासचे सापडले, काही तर १४०० मायक्रॉनचे, पिळा पडलेले. ४८ तासांतली वाढीव मर मात्र फक्त आधी शैवाल न मिळालेल्या जिवांत दिसली. म्हणजे जीव उपाशी होता की पोटभर खाल्लेला, यावर निकाल फिरतो. आपल्याकडच्या किती अहवालांत ही नोंद असते?

इथला जीव म्हणजे डॅफ्नियाचीच नातलग मोइना; ती आपल्या तळ्यांत सहज मिळते. जेमतेम मिलिमीटरभराचं पारदर्शक शरीर. काचपट्टीवर घेतली की शैवालाने भरलेलं हिरवं आतडं सरळ दिसतं आणि त्यात अडकलेला निळा धागाही. डॅफ्नियाच्या प्रजनन चाचणीला २१ दिवस लागतात. आपल्या उबदार पाण्यात मोइना आठवड्याच्या आत पहिली पिल्लं देते. पिल्लांची घटती संख्या मरतुकीच्या आधी बोलते, आणि माशांची पिल्लं याच जिवांवर वाढतात. तेव्हा ४८ तासांवर थांबू नये.

निळ्या धाग्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. उल्हासनगर जीन्सच्या धंद्याचं गाव, आणि वालधुनी नदी तिथूनच कल्याणकडे येते. डेनिमचा धागा मुख्यतः कापसाचा असतो. नुसत्या रंगावरून त्याला प्लास्टिक ठरवलं तर सगळी मोजणी फसते. निदान तापलेली सुई लावून पाहावी: प्लास्टिक वितळतं, कापूस वितळत नाही. शक्य असेल तिथे एफटीआयआर (अवरक्त वर्णपट) तपासणी करून घ्यावी. आपली प्लँक्टन जाळी स्वतःच नायलॉनची असते, हेही विसरू नये. प्रत्येक फेरीत कोरा नमुना हवा आणि अंगात सुती एप्रन.

आणखी एक. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात या जिवांचं पाणी गाळून खाणं तसंही मंदावतं. प्लास्टिकच्या कणांएवढ्याच आकाराची आणि तेवढीच माती घातलेलं एक भांडं शेजारी ठेवल्याखेरीज दोष प्लास्टिकचा म्हणता येणार नाही. त्या भांड्याशी ताडून परिणाम आढळला नाही, तर तो निकालही आमच्याकडे पाठवा. तो छापायला या मासिकात जागा आहे.