तिकीट जपा, तारीख लिहून ठेवा

बियाणे उगवले नाही तर तक्रारीसाठी पिशवी, टॅग आणि पावती लागते, हे आता आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण गावची मुलगी फसवून वेश्याव्यवसायात विकली गेली, तर कोर्टात कोणता कागद लागतो?

उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे. इथून एका रात्रीत पुणे किंवा हैदराबाद गाठता येते. नोकरीचे, लग्नाचे आमिष दाखवून नेणाऱ्यालाही हीच वाट सोयीची.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ लागू आहे. शोषणासाठी फसवून वा धाकाने माणसाला मिळवणे, नेणे, ठेवून घेणे, हवाली करणे हा गुन्हा. म्हणजे नुसता अड्डेवाला नव्हे, गाडीत बसवून नेणाराही गुन्हेगार. मुलीची संमती होती, ही सबबही चालत नाही.

म्हणून आरोपी म्हणतो, ‘मी तिला ओळखतच नाही, मी गावातच होतो.’ तिथे रेल्वे आरक्षण, लॉजचे रजिस्टर, टोलनाक्यावरची फास्टॅग नोंद त्याला खोटे पाडते. अमेरिकेत २०२१ साली गिलेन मॅक्सवेलच्या खटल्यात वैमानिकाच्या उड्डाण-नोंदी अशाच पुढे आल्या. अर्थात नोंदीत नाव आले म्हणजे गुन्हा शाबीत होत नाही. पीडितेच्या साक्षीला तिने बळ मिळते.

पण नोंद रीतसर हवी. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितले, की संगणकीय नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तीच अट आहे. हे काम पोलिसांचे. आपण आठवण द्यावी.

गावकऱ्यांनी काय करावे?

● अब्रूपायी दिवस घालवू नका. कॅमेऱ्यातले जुने चित्रण पुसले जाते. स्टँड व नाक्यावरचे चित्रण राखून ठेवावे, असा लेखी अर्ज ठाण्यात द्या.

● पोलीस पाटील, ग्रामसेवकांनी तारीख, वेळ, गाडीचा नंबर, नेणाऱ्याचा फोन नंबर लगेच टिपून ठेवावा.

● तिकिटे टाकू नका, मोबाईलमधले निरोप पुसू नका.

● ‘मुंबईला जाऊन तक्रार करा’ असे कुणी म्हटले तर ऐकू नका. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ५ नुसार, मुलीला जिथून नेले तिथेही खटला चालतो.

मूल बेपत्ता असेल तर १०९८, एरवी ११२ नंबर फिरवा.