रिकाम्या विमानातली ठरलेली जागा

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं आणि पेण-रोह्याच्या प्रवाशाची सांताक्रूझपर्यंतची रखडपट्टी टळण्याची सोय झाली. नव्या मार्गांवर काही विमानं निम्मी रिकामी उडणारच. तिथे खिडकीची मोकळी जागा दिसली की माणूस उठतो, आणि कर्मचारी त्याला परत बसवतात. राग येतो, कारण पुढच्या रांगांचे जादा पैसे घेण्याची सवय कंपन्यांचीच. पैशांसाठीच अडवत असल्याचा हा संशय अगदी निराधार नाही. तरी उड्डाण होईपर्यंत ती सूचना पाळायला हवी, आणि कंपनीने तिचं कारण सांगायला हवं.

निघण्यापूर्वी वैमानिकाच्या हाती लोडशीट येतं: कोणत्या भागात किती माणसं, पोटात किती सामान, इंधन किती. त्यावरून गुरुत्वमध्य आणि शेपटीचं ट्रिम, म्हणजे तिथल्या आडव्या पंखाचा कोन, ठरतो. भार पुढे गेला तर नाक उचलायला जड जातं, मागे गेला तर ते नको इतकं सहज उचललं जातं. सत्तर टनांच्या विमानात माझ्या सत्तर किलोंनी काय बिघडणार? एकट्याने काहीच नाही. पण एक उठला की दहा उठतात. भरलेल्या विमानात माणसं आपोआप विखुरलेली असतात. रिकाम्यात वीस जण पुढे जमले तर मागे त्यांना तोलणारं कोणी नसतं. सुमारे 23 टनांच्या एटीआर 72 मध्ये हा फरक चांगलाच पडतो. वजन आणि तोलाच्या मर्यादेत थोडी ढील असते, हेही खरं. जुलै 2020 मध्ये बर्मिंगहॅमहून मायोर्काला निघालेल्या विमानात 'मिस' अशी नोंद असलेल्या 38 प्रौढ स्त्रिया संगणकाने लहान मुली धरल्या. माणशी 69 ऐवजी 35 किलो. लोडशीट 1,244 किलोंनी चुकलं, विमान सुखरूप गेलं. ती ढील अशा न दिसणाऱ्या चुकांसाठी आहे, आपल्या खिडकीच्या हौसेसाठी नव्हे.

घोळका हलला की काय होतं, हे रायगडला ठाऊक आहे. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. पाणी आत येताच घाबरलेले उतारू एका बाजूला धावले होते. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. तिथे खवळलेला समुद्र होता, गर्दी होती. विमानातला धोका त्या जातीचा नाही. पण कारण न कळलेली माणसं वाट्टेल तिकडे सरकतात, एवढं दोन्हीकडे सारखंच. म्हणून नुसतं 'जागा बदलू नका' पुरत नाही. 'विमान हलकं आहे, तोलासाठी बसून राहा, वर गेल्यावर सांगू तेव्हा हवी ती खिडकी घ्या' असं मराठीत सांगायला अर्धं मिनिट लागतं. आणि तोलासाठी पैसे भरून घेतलेली जागा सोडायला लावली, तर ते पैसे न मागता परत मिळावेत.