गाडी खाली घ्या, पण तपासून घ्या

टोयोटाने २०१२ मध्ये जीटी८६ ही दोन दारांची स्पोर्ट्स कूपे विकायला काढली, तेव्हा तिच्या बांधणीमागे एकच ध्यास होता : वजन जितकं जमिनीलगत ठेवता येईल तितकं ठेवायचं. सुबारूचं आडव्या सिलिंडरांचं बॉक्सर इंजिन त्यासाठीच घेतलं. गुरुत्वमध्य जमिनीपासून जेमतेम ४६० मिलिमीटरवर आला. मालकांनी ही गाडी आपापल्या हौसेने बदलावी, अशी मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांची इच्छाच होती. मालकांनी ती मनावर घेतली. टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट अनेकांना खुपत होती. मग आखूड स्प्रिंग टाकून गाडी खाली घ्यायची आणि चाकामागे स्पेसर बसवून चाकं मडगार्डच्या रेषेत आणायची, हे ठरून गेलं.

या हौसेत गैर काही नाही. नीट केलं तर गाडी देखणी दिसते आणि वळणावर जास्त ठाम राहते. काम अर्धवट सोडलं, तर मात्र कारखान्याने घडवलेली चांगली गाडी पैसे मोजून बिघडवल्यासारखं होतं.

हिशेब साधा आहे. वळणावर आतल्या चाकांचा भार बाहेरच्या चाकांकडे सरकतो. किती सरकेल, हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यावर ठरतं. गाडी २५ मिलिमीटर खाली घेतली की हा सरकणारा भार पाचेक टक्क्यांनी घटतो. जीटी८६ची पुढची चाकं एकमेकांपासून १५२० मिलिमीटरवर असतात. दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटरचे स्पेसर घातले तर आणखी दोन टक्के. फायदा खरा आहे, पण एवढाच आहे.

तोटा यापुढे सुरू होतो. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी फार खाली गेली की खालचा आर्म चाकाच्या बाजूने वर उचलला जातो. बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली सरकतो आणि बॉडीला कलायला उलट जास्त जोर मिळतो. स्प्रिंग कडक असल्यामुळे चालवणाऱ्याला ते कळत नाही. त्यात मूळ शॉकअप तसाच ठेवला, तर कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. खड्ड्यात गाडी थेट बंप स्टॉपवर आदळते. चाकांचे कोन बदलल्यावर अलाइनमेंट केलं नाही, तर टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. वरून बघताना नक्षी शाबूत दिसते आणि आतून तारा बाहेर आलेल्या असतात. म्हणूनच या गाडीसाठी २५-३० मिलिमीटर ही शहाणपणाची मर्यादा. पन्नास मिलिमीटर खाली घेतलेली कूपे फोटोपुरती चांगली.

हातकाम तर त्याहून महत्त्वाचं. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर आणि चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ते अखेरचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. स्पेसर बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढायलाच हवा. गंजाचा एखादा पापुद्रा मध्ये राहिला तरी चाक वाकडं बसतं आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. स्पेसरचं मधलं भोक या गाडीच्या ५६.१ मिलिमीटर हबवर घट्ट बसणारं हवं. नट १२० न्यूटन-मीटरवर टॉर्क पान्यानेच आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. जाड स्पेसर घालून जुन्याच स्टडवर चार आट्यांत नट अडकवणारा मेकॅनिक माणसांच्या जिवाशी खेळत असतो.

जर्मनीने ही हौस दडपली नाही, शिस्तीत बसवली. आयबाख आणि एच अँड आर या नावाजलेल्या स्प्रिंग-कंपन्या झाउअरलांड या डोंगराळ भागातल्या फिनेनट्रॉप आणि लेनेश्टाट या शेजारच्या गावांतल्या. त्यांच्या स्प्रिंगसोबत तांत्रिक अहवाल येतो : कोणत्या गाडीला, किती भारापर्यंत, कोणत्या अटींवर. बसवल्यावर गाडी ट्यूफसारख्या संस्थेच्या तपासनिसाकडे न्यायची. तो स्प्रिंगवरचा क्रमांक ताडून बघतो. स्पेसर घातले असतील, तर तिरक्या कोपऱ्यांवरची चाकं उचलून, स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का तेही बघतो. मग शिक्का. १८६५ मध्ये मानहाइमच्या एका मद्यनिर्मिती कारखान्यात बॉयलर फुटला आणि पुढच्याच वर्षी बॉयलर तपासणारी संस्था उभी राहिली. ट्यूफची परंपरा तिथपासूनची आहे. जपानमध्येही खाली घेतलेल्या गाडीच्या पोटाखाली किमान ९ सेंटिमीटर जागा लागते, नाहीतर ती तपासणीत नापास होते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला : मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला. तरी पुण्या-मुंबईत गाड्या खाली घेतल्याच जातात. कागद नाही, तपासणी नाही. स्पेसर कोणत्या धातूचा, स्टड किती लांबीचा, हे विचारणारं कुणी नाही. जबाबदारीने काम करणारा गॅरेजवाला आणि बेफिकीर गॅरेजवाला कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत उभे राहतात. हे बदलायला हवं.

मार्ग नवा शोधावा लागणार नाही. सीएनजी किटचं आपण हेच केलं आहे : किटला आधी मान्यता, मग अधिकृत ठिकाणी बसवणं, मग आरटीओची तपासणी आणि आरसी बुकात नोंद. गाड्या आणि त्यांचे भाग तपासणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यात आहे. सुरुवात स्प्रिंग आणि स्पेसर या दोनच वस्तूंपासून करावी. गाडी किती खाली जाईल याची मर्यादा गाडीच्या मॉडेलनुसार ठरवावी, हबवर अचूक न बसणाऱ्या स्पेसरच्या विक्रीवर बंदी घालावी आणि अलाइनमेंटचा छापील अहवाल जोडल्याशिवाय आरसी बुकात नोंद करू नये.