‘फुल’च्या खुणेवरचे ऑइल

इंजिनात ऑइल कमी पडले तर इंजिनचे काम निघते, हे मोटार बाळगणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. ऑइल जास्त झाले तर काय, या प्रश्नाला मात्र गॅरेजागणिक वेगळे उत्तर मिळते. सर्व्हिसिंग होऊन आलेल्या गाडीची डिपस्टिक काढून पाहावी आणि ऑइल वरच्या खुणेच्याही थोडे वर दिसावे, हा अनुभव शहरांतील अनेक वाहनमालकांच्या परिचयाचा आहे. तक्रार केल्यास ‘जास्तच आहे, कमी तर नाही ना?’ असे म्हणून बोळवण होते. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. परंतु १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर, विशेषतः डिझेल मोटारींच्या बाबतीत, ते पूर्वीइतक्या निर्धास्तपणे देता येण्याजोगे राहिलेले नाही.

आधी साध्या बाजूचा विचार करू. बहुतेक मोटारींत डिपस्टिकवरील खालच्या व वरच्या खुणेतील अंतर साधारण एक लिटर ऑइलचे असते. वरच्या खुणेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर अधिक, म्हणजे जेमतेम शे-दीडशे मिलिलिटर. एवढ्याने इंजिनचे काही बिघडत नाही. चार लिटर ऑइल सत्तर अंशांनी तापले, तर नुसत्या प्रसरणानेच ते सुमारे दोनशे मिलिलिटरने वाढते. घाट चढताना, वळणावर किंवा जोराचा ब्रेक लागल्यावर चेंबरमधील ऑइल एका बाजूला धाव घेते. या सर्वांची सोय इंजिनाच्या आरेखनातच केलेली असते. त्यामुळे किंचित जास्त ऑइल दिसताच रात्रीची झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

खरी अडचण येते ती ऑइल खुणेच्या वर अर्धा लिटर वा त्याहून अधिक गेल्यावर. चेंबरमधील ऑइलची पातळी आणि त्याच्या वर फिरणारा क्रँकशाफ्ट यांमध्ये मोकळी जागा राखलेली असते. ती भरून गेली की मिनिटाला हजारो फेरे घेणारा क्रँकशाफ्ट रवीने ताक घुसळावे तसे ऑइल घुसळू लागतो. फेस होतो. ऑइल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. साहजिकच फेसाळलेले ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचले तरी धातूला धातूपासून दूर ठेवणारा थर टिकत नाही. म्हणजे ऑइल फार झाल्याने होणारे नुकसान हे ऑइल कमी पडल्याने होणाऱ्या नुकसानासारखेच असते. शिवाय ऑइलचे तुषार ब्रीदरच्या नळीतून हवेच्या मार्गात ओढले जातात, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याची शक्यता वाढते. ‘जास्त ऑइलने सील फुटतात’ ही गॅरेजमधील समजूत मात्र अर्धवट खरी आहे. सील बहुधा आतील दाबाने गळतात, आणि तो दाब तुंबलेल्या ब्रीदरमुळे वाढलेला असतो.

ऑइल जास्त भरले जाते तरी कसे? याची कारणे अगदी किरकोळ आहेत. छोट्या पेट्रोल मोटारींना तीन लिटरच्या आसपास ऑइल लागते. बाजारात साडेतीन लिटरचा डबा मिळतो आणि तो पूर्ण उपडा केला जातो. फिल्टर न बदलता फिल्टरसह लागणारे ऑइल भरले जाते. कधी जुने ऑइल पुरते निथळू दिले जात नाही. इंजिन बंद करताच डिपस्टिक पाहण्याची घाईही नडते. तेव्हा बरेचसे ऑइल वरच्या भागातून खाली उतरायचे असते, पातळी कमी दिसते आणि वरून आणखी ओतले जाते.

मात्र कोणीही थेंबभर न ओतता ऑइल वाढले तर? बीएस-६ डिझेल मोटारींत हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. धुरातील काजळी अडवण्यासाठी या गाड्यांना डीपीएफ हा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाडीची संगणकप्रणाली अधूनमधून थोडे डिझेल उशिरा फवारते आणि फिल्टरचे तापमान सहाशे अंशांच्या घरात नेते. या फवाऱ्यातील काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून निथळत चेंबरमध्ये उतरते. महामार्गावर हे काम एका दमात उरकते. शहरात ते अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा अर्धवट राहते. ‘टॉमटॉम’ या कंपनीच्या २०२३ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात सातव्या क्रमांकावर होते. तेथे दहा किलोमीटर जाण्यास सरासरी २७ मिनिटे ५० सेकंद लागत होते. अशा शहरात रोज घर ते कार्यालय एवढीच धाव घेणाऱ्या डिझेल मोटारीच्या डीपीएफला काजळी जाळण्यास उसंत कधी मिळायची?

येथे पातळीपेक्षा ऑइलचा दर्जा अधिक महत्त्वाचा ठरतो. डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होते आणि त्याची वंगणशक्ती घटते. पेट्रोलच्या तुलनेत डिझेल तापलेल्या ऑइलमधून सहजासहजी उडूनही जात नाही. पातळी फारच वाढून ते मिश्रण हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये शिरले, तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर धावू लागण्याचा धोका संभवतो. किल्ली फिरवूनही ते थांबत नाही. म्हणूनच माझदा कंपनीने आपल्या डिझेल मोटारींच्या डिपस्टिकवर ‘फुल’च्या वर आणखी एक फुलीची खूण दिली. ऑइल तेथवर पोहोचले की ते बदलायचे.

पेट्रोल मोटारीही यातून सर्वस्वी सुटलेल्या नाहीत. २०१८ च्या प्रारंभी चीनच्या थंड प्रदेशांत होंडा सीआर-व्हीच्या दीड लिटर टर्बो इंजिनात पेट्रोल मिसळून ऑइलची पातळी वाढत असल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने मांडलेली दुरुस्तीची योजना चिनी नियंत्रकांनी फेटाळली आणि मार्चमध्ये या गाडीची विक्री थांबवावी लागली. महाराष्ट्रात तशी थंडी नाही, हा आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांचा दिलासा.

डिझेल मोटारींच्या मालकांना असा दिलासा नाही, आणि वादाचे मूळही येथेच आहे. पातळी वाढल्याचे दाखवल्यावर ‘तुम्ही गाडी महामार्गावर नेत नाही’ असे सांगितले जाते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण शहरी ग्राहकाला डिझेल मोटार विकताना हीच गोष्ट आधी कोणी सांगितली होती काय, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. मारुतीने १ एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंदच केल्या. ज्या कंपन्यांनी त्या चालू ठेवल्या, त्यांनी रोजची धाव किती असावी हे विक्रीच्या टेबलावरच स्पष्ट करायला हवे.

वाहनमालकाला यात ओळखायचे आहे ते एवढेच, की ऑइल जास्त भरले गेले आहे की आपोआप वाढले आहे. त्यासाठी सर्व्हिसिंगनंतर गाडी ताब्यात घेतानाच, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी पाहून तिचे छायाचित्र काढून ठेवावे. बिलावरील लिटरचा आकडा मालक-पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. वाद ग्राहक आयोगापर्यंत गेलाच तर हे दोन्ही पुरावे उपयोगी पडतात. जास्त भरलेले ऑइल खालचा बोल्ट सैल करून किंवा डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढून पाव तासात कमी करता येते. आपोआप वाढलेले ऑइल नुसते कमी करून भागत नाही. ते फिल्टरसह बदलावे लागते आणि डीपीएफची तपासणीही करून घ्यावी लागते.