आधी वही, मग यंत्र

मालेगाव आणि भिवंडीच्या मोहल्ल्यांत लूमचा खटखटाट थांबला की माणसे दचकून जागी होतात, इतका तो आवाज आपल्या जगण्याचा भाग झाला आहे. १८५७ नंतरच्या दशकांत मऊ, मुबारकपूर, बनारसकडून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी इथे हातमाग मांडले. पुढच्या पिढ्यांनी यंत्रमाग बसवले. आज त्यांची नातवंडे-पतवंडे म्हणतात, "आता परवडत नाही. लूम भंगारात काढावेत की नवीन मशीन घ्यावी?"

सूत महाग, वीज महाग, कापडाला भाव नाही, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण सुताचा भाव आपण ठरवत नाही. आपल्या हातात काय आहे, ते आधी पाहू.

नव्या मशीनचे आकर्षण समजण्यासारखे आहे. साधा प्लेन लूम मिनिटाला शंभर ते दीडशे पिक टाकतो, एअरजेट सहाशेच्याही वर जातो. पण एअरजेटला कॉम्प्रेसर लागतो, एकसारखे मजबूत सूत लागते, चांगल्या सायझिंगचा बीम लागतो, शिकलेला मिस्त्री लागतो आणि रोज पोट भरेल इतके काम लागते. ज्या घराला आपल्या एक मीटर कापडाचा खर्च सांगता येत नाही, त्या घरात अशी मशीन आली की कापडाआधी हप्ता येतो.

म्हणून पहिले काम वहीचे. समजा, लूम मिनिटाला १५० पिक टाकतो आणि कापड इंचाला ५२ पिकचे आहे. म्हणजे एका मीटरला सुमारे २,०४७ पिक. बारा तासांच्या पाळीत लूम ६० टक्के वेळच चालला, तर साडेएकतीस मीटर कापड निघेल. तोच लूम ७५ टक्के वेळ चालला, तर साडेएकोणचाळीस मीटर. एका लूममागे आठ मीटरचा फरक, चोवीस लूमला पाळीमागे जवळजवळ १९० मीटर! यासाठी नवा लूम लागला नाही. लूम का थांबतो, ते शोधावे लागले. बीम संपला, कांडी वेळेवर भरली नाही, ताणा सारखा तुटतो, मिस्त्री दुसरीकडे अडकला, वीज गेली, अशी पाच कारणे लिहून प्रत्येक लूमजवळ एक कागद टांगा. कारागिराला फक्त रेघ मारायची आहे. महिन्याभरात कळते की पैसा कुठे गळतो. मग धागा तुटताच लूम थांबवणारे उपकरण बसवायचे, की सायझिंगवाला बदलायचा, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. मात्र त्या कागदावरून कारागिराची मजुरी कापू नका. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून खोट्या रेघा पडतील.

दुसरी वही घर आणि कारखाना वेगळे करण्याची. आपल्याकडे गल्ला एकच असतो. त्यातूनच सुताचे पैसे, त्यातूनच दवाखाना, त्यातूनच लग्न. मग कारखाना तोट्यात आहे की घरखर्च वाढला आहे, हे कोणालाच कळत नाही. जो भाऊ कारखान्यात राबतो त्याने ठरलेला पगार घ्यावा, नफ्याचा हिशोब वर्षअखेरीस व्हावा. जकातीचा हिशोबही त्यामुळे सोपा होतो.

तिसरी वही सर्वांत अवघड. वडील अल्लाहला प्यारे झाले, लूम चालूच राहिले, वाटणी झालीच नाही. धरून चला की मरहूमच्या मागे पत्नी, तीन मुलगे आणि एक मुलगी आहे, कर्ज फिटले आहे, वसीयत नाही, मरहूमचे आई-वडील हयात नाहीत. लूम चोवीस. शरीयतच्या हिशोबाने आईचे तीन, प्रत्येक मुलाचे सहा आणि मुलीचे तीन. म्हणजे पाव कारखाना आई आणि बहिणीचा आहे. आता तिघे भाऊ जुने लूम भंगारात विकून नवे आणायला निघाले, तर त्या सहा लूमचे पैसे कोणाचे? "तिच्या लग्नात खूप खर्च केला" हे उत्तर कोणत्याही फिक्हमध्ये बसत नाही. लग्नाच्या खर्चाने वारसाहक्क फिटत नाही. बहिणीला विचारा: हिस्सा हवा, की भागीदारी? ती भागीदार राहिली तर नफ्यात तिचा वाटा लिहा आणि तो दरवर्षी तिच्या हातात द्या. मग ती स्वखुशीने भांडवलही लावेल.

भांडवलाचा प्रश्न इथेच येतो. व्याज टाळू पाहणाऱ्या घरांना भागीदारीचा रस्ता खुला आहे. मुशारकामध्ये नफा ठरलेल्या प्रमाणात आणि तोटा ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात वाटतात. मुदारबामध्ये एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. तोटा झाला तर पैसेवाल्याचा पैसा जातो आणि राबणाऱ्याची मेहनत वाया जाते, बशर्ते त्याने हलगर्जी केलेली नसावी. पण ज्याच्याकडे वही नाही, त्याच्या नफ्यावर कोण विश्वास ठेवील? सूरह बकराची २८२वी आयत ही कुरआनमधील सर्वांत लांब आयत, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आपण मात्र भावाभावांत लिहिणे म्हणजे अविश्वास समजतो. भागीदारी लेखी करा आणि तिची नोंदणीही करा. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही.

वही नीट असली की बाहेरची थकबाकीही हलते. उद्यम नोंदणी मोफत होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष चुकते करीपर्यंत, आयकरातून वजा करून मिळत नाही. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि तारीख लिहा. चिठ्ठीवर चाललेल्या धंद्याला या कायद्याचा काही उपयोग नाही.

मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. येत्या जुम्याच्या नमाजनंतर घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. आई आणि बहिणीला आधी बोलवा, सासरी असेल तर घ्यायला जा. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर लूमची संख्या आणि कोणाचा किती हिस्सा ते लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. दुसऱ्या पानावर येणे आणि देणे. तिसऱ्या पानापासून रोजचे मीटर. सहा महिने ही वही चालवा. मग एअरजेट घ्यायचा की नाही, याचे उत्तर तिच्यातच सापडेल.