जिवाणू महाग नाही, बाजार महाग आहे

जैविक कीटकनाशके शेतकऱ्याला परवडत नाहीत, म्हणून तो विषारी रसायने फवारतो, असे औषधविक्रेत्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सारेच सांगतात. ती का परवडत नाहीत, हा पुढचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

पंढरपूर तालुक्यातील करकंबचेच उदाहरण घ्यावे. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमेच्या पाण्याने या टापूत ऊस, द्राक्षे, डाळिंबे फोफावली. तूर आणि मका आहेतच. २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील मक्यात शिरली. तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी तर जुनीच वैरीण. या अळ्यांवर फवारा मारताना पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. परवडण्याचा हिशेब मांडताना हे मृत्यू कोणत्या खात्यावर पडतात?

अळ्यांना मारणारा एक जिवाणू मातीतच आहे. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो रेशमाच्या मेलेल्या अळ्यांत सापडला. १९१५ साली जर्मनीत बर्लिनर यांनी त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव दिले. १९३८ साली फ्रान्समध्ये त्याची भुकटी बाजारात आली. बीजाणू धरताना तो प्रथिनाचा एक स्फटिक तयार करतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात तो विरघळतो, आतडे सच्छिद्र होते, अळी खाणे सोडते आणि दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या पोटात ही क्रिया घडत नाही. हेक्टरी किलो-दीड किलो भुकटी पुरते.

आणि हा जिवाणू वाढतो कशावर? साखर, प्रथिने, सुमारे ३० अंश उष्णता आणि भरपूर निर्जंतुक हवा एवढीच त्याची मागणी. करकंबच्या परिसरात साखर कारखान्यांची मळी आहे, सोयाबीनची पेंड आहे, मका आहे. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांनी तर गव्हाच्या कोंड्यावर तो कमी खर्चात वाढविण्याची पद्धत २००५ साली प्रसिद्ध केली. कच्चा माल गावातला, विद्या सरकारी संस्थेची. मग किंमत चढते कोठे?

उत्तर मालकीच्या प्रश्नात आहे. मातीतल्या जिवाणूवर कोणाची मक्तेदारी चालत नाही, म्हणून मोठ्या भांडवलाला त्यात रस नाही. त्याच जिवाणूचे जनुक कपाशीत घातले, तेव्हा मात्र भांडवल धावून आले. २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीला सुमारे १,६०० रुपये मोजावे लागत. २००६ साली हे प्रकरण मक्तेदारी आयोगापुढे गेल्यानंतरच ती किंमत ७५० रुपयांपर्यंत उतरली. जिवाणू तोच, बियाण्यात कोंडल्यावर तो नफ्याचा झाला.

शासनाचा इतिहासही बोलका आहे. १९५४ साली केंद्र सरकारने दोन कंपन्या स्थापन केल्या: डीडीटीसाठी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स आणि पेनिसिलिनसाठी पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. सूक्ष्मजीव प्रचंड टाक्यांत वाढविण्याचे कसब पिंपरीच्या कामगारांनी त्या दशकातच हस्तगत केले. तेथील स्ट्रेप्टोसायक्लिन डाळिंबाच्या तेल्या रोगावर आजही शेतकऱ्यांना ठाऊक आहे. असे कसब सार्वजनिक मालकीचे असताना प्रत्येक जिल्ह्यात जिवाणूची टाकी उभी राहिली नाही, यात तंत्राची अडचण कमी आणि इच्छेची अधिक होती.

आक्षेपांनाही उत्तर दिले पाहिजे. मद्यार्काची टाकी या कामी जशीच्या तशी चालत नाही, कारण यीस्टला तेथे हवा लागत नाही आणि या जिवाणूला ती अखंड लागते. उपरा जंतू शिरला तर सारा घाणा वाया जातो. भुकटी उन्हाने निकामी होते, म्हणून ती संध्याकाळी आणि अळ्या लहान असतानाच फवारावी लागते. द्राक्षावरील फुलकिडे, पिठ्या ढेकूण वा दावण्या यांवर तिचा इलाज नाही. तुतीच्या बागेजवळ ती घातकच. या मर्यादा खऱ्या आहेत. परंतु त्यांतून खासगी नफ्याची अपरिहार्यता सिद्ध होत नाही. उलट मूळ वाण व तपासणी कृषी विद्यापीठाकडे, उत्पादन सहकारी कारखान्याकडे आणि सल्ला गावातील प्रशिक्षित तरुणांकडे, अशी सार्वजनिक व्यवस्था हवी, एवढेच सिद्ध होते. सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळल्यावर क्यूबाची रसायनांची आयात आटली. त्या गरीब देशाने अशी दोनशेहून अधिक केंद्रे चालवून दाखविली.

सहकारी कारखान्याचा सभासद तेथे ऊस घालतो, म्हणून त्याच्या मळीवर त्याचा पहिला हक्क आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत मद्यार्काच्या विस्ताराचा ठराव टाळ्यांनी मंजूर होतो. जिवाणू-प्रकल्पाचा ठराव मांडायला कोणी उभा राहत नाही. कार्यकर्त्यांनी तो मांडावा, आणि मांडताना फवारणीच्या मजुरांना सभेच्या दारापर्यंत बरोबर न्यावे. सभासदत्वाच्या यादीत त्यांचे नाव नसेल. विषबाधेच्या यादीत मात्र ते सर्वांच्या आधी असते.