गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बोलावतं तेव्हा

धंद्याबद्दल विचारायला येणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा कर्जाचा असतो. त्याचं उत्तर सोपं आहे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे, उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. हे सांगून झालं की मी विचारतो, "पहिली दहा गिऱ्हाइकं कोण असतील?" इथे समोरचा गप्प होतो. दीड वर्षापूर्वी मीही गप्प झालो असतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे "ॲप बनवू" म्हणालो असतो. खरं तर म्हणालोच होतो.

माझ्या खालाचा धाकटा मुलगा पुण्यात कोंढव्यात राहतो. आयटीआय झालेला. तीन वर्षं पार्सल पोहोचवायचं काम केलं, पण पार्सलमागे मिळणारे पैसे कमी होत गेले आणि पेट्रोलचा खर्च वाढत गेला. घरोघरी फिरताना त्याने एक गोष्ट हेरून ठेवली होती. एनआयबीएम रोड, उंड्री, महंमदवाडी या भागात मोठमोठ्या सोसायट्या, फ्लॅटला काचेच्या सरकत्या खिडक्या आणि आजूबाजूला सतत चालू असलेल्या बांधकामांची धूळ. कामाला येणाऱ्या मावशी फरशी पुसतात, भांडी घासतात, खिडक्या त्यांच्या कामात धरलेल्या नसतात. मग दिवाळीच्या आधी घरातलंच कुणीतरी स्टुलावर चढून ओल्या वर्तमानपत्राने काच घासत बसतं. "भाईजान, मी खिडक्या साफ करायचा धंदा करतो," तो म्हणाला. खाला रडकुंडीला आली. शिकलेला पोरगा लोकांच्या काचा पुसणार, हे बिरादरीत सांगायचं कसं?

साहित्य फार लागत नाही. बादली, कापडी मोप, रबरी वायपर, मायक्रोफायबरची फडकी, लांब दांडा, घडीची शिडी असं सगळं सात हजारांत आलं. (आज वापरतात तो हलका वायपर इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्टेकोने नावाच्या एका काच पुसणाऱ्यानेच १९३०च्या दशकात घडवला. त्याचा आकार अजून फारसा बदललेला नाही. माझ्या क्षेत्रात इतकी वर्षं टिकलेलं काही दाखवा.) खरं भांडवल लागतं ते गिऱ्हाइकं जमेपर्यंत घर चालवायला. चार-पाच महिन्यांच्या किराण्याचे आणि भाड्याचे पैसे हाताशी नसतील तर बादली घेऊन उपयोग नाही. त्याच्याकडे तीन महिन्यांचे होते, आणि त्यातले दोन माझ्या हुशारीत गेले.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. सहा आठवडे रात्री जागून मी बुकिंगचं ॲप बनवलं. वेळ निवडा, खिडक्या मोजा, पैसे भरा, तारे द्या. धंद्याला एक गुळगुळीत इंग्रजी नाव दिलं. आणि संपर्काच्या जागी भावाचं नाव लिहिलं 'सॅम'. हे मीच सुचवलं होतं. त्याने विचारलं, "माझं नाव का नको?" मी म्हणालो, "सुरुवातीला नको. आधी चार कामं मिळू देत."

कामं मिळाली. इंटरनेटवर जाहिरात दिली, पहिल्या वेळेसाठी निम्मा दर ठेवला, दोन हजार पत्रकं पेपरवाल्याकडून वर्तमानपत्रांत घालून वाटली. पत्रकांमुळे तीन फोन आले. जाहिरातीमुळे जास्त आले, पण वाकडहून, खराडीहून, एक तर चिंचवडहून. कोंढव्याहून वाकडला पोहोचायला कामाच्या वेळेत दीड तास, परतायला तेवढाच. दिवसाला एक काम. दोन महिन्यांत २६ घरं झाली आणि त्यांतल्या एकानेही पुन्हा बोलावलं नाही. निम्म्या दराला आलेलं गिऱ्हाईक पूर्ण दराला कशाला येईल? माझ्याच कंपनीत आम्ही रोज तक्त्यांकडे बघत बसतो: नवे किती आले, टिकले किती. घरच्या माणसाच्या धंद्यात मी फक्त पहिला आकडा पाहत होतो.

मग उंड्रीतल्या एका सोसायटीच्या गेटवर तो प्रसंग घडला. सुरक्षारक्षकाने आधार कार्ड मागितलं. नाव जुळेना. त्याने इंटरकॉमवर वर विचारलं. बाई म्हणाल्या, "मी सॅमला बोलावलंय, हे कोण?" भावाने फोन घेऊन सांगितलं की सॅम म्हणजे मीच. बाई चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नाव एक सांगता आणि कार्डावर दुसरं. मी घरात एकटी असते. नको." तो बादली घेऊन परत आला, माझ्यासमोर आधार कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "भाईजान, त्या बाई चुकल्या का?"

मला हो म्हणता आलं नाही. अजूनही येत नाही. टॅक्सी बोलावताना, नव्या ऑफिसात ओळख करून देताना मी स्वतः माझं नाव अर्धं करून सांगत आलोय. तुमच्यापैकी अनेक जण सांगत असतील. ती सवय मी त्याच्या धंद्याला चिकटवली होती.

नावामुळे कामं जातात, हे मी नाकारत नाही. एका सोसायटीच्या कमिटीने मोठ्या उत्साहाने होकार दिला, काम करणाऱ्यांच्या नावांची यादी मागितली आणि यादी गेल्यावर "पुढच्या महिन्यात बघू" झालं. तो पुढचा महिना अजून उजाडलेला नाही. कारण मला सिद्ध करता येणार नाही, पण अंदाज तुम्हालाही येईल. २०२४च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाण्याच्या दुकानांना मालकांची नावं पाटीवर लावायला सांगितलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. ते योग्यच झालं. चहा पिणाऱ्याला मालकाच्या नावाशी काय करायचंय? पण दुसऱ्याच्या झोपण्याच्या खोलीपर्यंत जाणाऱ्या माणसाचं नाव त्या घराला आधी कळायला हवं. ही आपल्यावर लादलेली अट नाही, हे काम कुणीही केलं तरी तसंच असणार. भावाने कार्ड नव्याने छापलं. त्यावर पूर्ण नाव, फोटो, फोन आणि कोंढव्याचा पत्ता. आदल्या रात्री गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप जातो: उद्या कोण येणार, किती वाजता, त्याचा फोटो. काही फोन नाव ऐकून तिथेच संपतात. पूर्वी ते गेटवर संपायचे, तेवढं पेट्रोल वाचलं.

बाकीचे बदल त्याचेच, मी फक्त पाहत होतो. त्याने कागदावर घराभोवती एक रेघ मारली. चार किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कितीही पैसे दिले तरी. आणि घरांच्या आधी दुकानं धरली. चष्म्याचं दुकान, मेडिकल, केकचं दुकान, सलून, दातांचा दवाखाना. दर आठवड्याला दर्शनी काच, १५० रुपये. कमाई फार नाही, पण सकाळी दहा वाजता रस्त्यावर उभा राहून काच पुसणारा माणूस शेकडो लोकांना दिसतो. तेच लोक शेजारच्या सोसायटीत राहतात. "घरच्या खिडक्या करता का हो?" असं विचारणारी पहिली दहा गिऱ्हाइकं त्याला या दुकानांच्या पायरीवर भेटली. त्यांतल्या एका काकांनी आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठून रविवारी क्लब हाउसची काच करायची परवानगी मिळवून दिली. त्याने मुद्दाम अर्धीच काच पुसली आणि अर्धी तशीच ठेवून चहा प्यायला गेला. परत येईपर्यंत चार जणांनी वॉचमनकडे त्याचा नंबर मागितला होता.

एका सोसायटीत एकाच दिवशी तीन घरं मिळाली की येण्याजाण्याचा वेळ तिघांत वाटला जातो, आणि दर न वाढवता दिवसाचे पैसे वाढतात. हे गणित मला शाळेतच शिकवलं होतं, तरी मी त्याला वाकडला पाठवत होतो.

आता त्या वहीबद्दल सांगतो. माझ्या मते हा धंदा तिथे उभा राहिला. त्याची बहीण बी.कॉम. झालेली, घरी होती. तिने हिशेब हातात घेतला आणि प्रत्येक घराचं एक पान केलं. किती पल्ले, कुठली काच तडकलेली, कुत्रा आहे का, दुपारी बाळ कधी झोपतं, मागच्या वेळी काय राहून गेलं. ऐंशी दिवस झाले की ती फोन करते. "मॅडम, मागच्या वेळी बाल्कनीच्या दाराची जाळी फाटलेली होती, बदलून घेतलीत का? पुढच्या आठवड्यात आम्ही तुमच्या बिल्डिंगमध्ये येतोय." बाईमाणसाचा आवाज आणि लक्षात ठेवलेली जाळी, यावर बहुतेक जण लगेच वेळ देतात. तीन महिन्यांच्या आत पुन्हा बोलावलं तर दर कमी, कारण काच तेवढी मळलेली नसते आणि कामाला वेळ कमी लागतो. सवलत पहिल्या वेळेला नाही, दुसऱ्या वेळेला. आता धंद्यात तिचा निम्मा वाटा आहे आणि तो कागदावर लिहिलेला आहे. "मुलगी परक्या लोकांना फोन करते" ही कुजबुज मोहल्ल्यात झाली. खालाने, त्याच खालाने, ती परस्पर निपटली.

दोन ठिकाणी गिऱ्हाइकाला नाही म्हणावं लागतं. पुण्याच्या या भागात बऱ्याच सोसायट्यांना बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं. काचेवर ते वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात. ताजे डाग पातळ व्हिनेगरने निघतात, वर्षानुवर्षांचे काचेतच बसलेले असतात. सुरुवातीला तो "बघतो, निघतील" म्हणायचा, दोन तास घासायचा आणि शेवटी बोलणी खायचा. आता तो आधी एका कोपऱ्यात करून दाखवतो आणि "हे एवढंच होईल" असं सांगून मगच पैसे ठरवतो. आणि संगमरवराच्या चौकटीजवळ व्हिनेगर नेत नाही, आम्लाने दगडाची झिलई जाते. दुसरं नाही उंचीचं. सातव्या मजल्यावर एकाने बाहेरची बंद काच पुसायला पाचशे रुपये जास्त देऊ केले होते. घरात हप्ता थकलेला होता तेव्हाची गोष्ट. तो सज्जावर उतरला नाही. दोर, पट्टा आणि प्रशिक्षण नसताना तिथे उतरायचं नाही, हे त्याने स्वतःशी ठरवलंय आणि मदतीला घेतलेल्या मुलाकडून तसं वदवून घेतलंय. ते गिऱ्हाईक गेलं.

एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: आपल्याच लोकांत गिऱ्हाइकं का शोधली नाहीत? शोधली की. कोंढव्यातली काही घरं वहीत आहेत. पण घरातल्या सगळ्यांना "भाई" म्हणणाऱ्या गल्लीत पैसे मागायची चोरी होते. उधारी तिथेच सर्वांत जास्त आहे. आणि मुळात खिडक्यांसाठी पैसे मोजणारी घरं रेघेच्या आत जिथे आहेत तिथे जावं लागतं. मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच मांडलं. इतके लोक स्वतःच्या जिवावर धंदा करत असताना आपल्या सभा-मेळाव्यांत कर्ज, प्रमाणपत्रं, आरक्षण यांवर तासन्‌तास बोललं जातं. गिऱ्हाइकाशी पहिल्या दिवशी काय बोलायचं, ऐंशीव्या दिवशी काय, यावर एक सत्रही मी अजून पाहिलेलं नाही. यात आमचं मासिकही आलं.

सध्या वहीत दर तीन महिन्यांनी बोलावणारी ११० घरं आणि आठवड्याची १४ दुकानं आहेत. महिन्याला साधारण ३४ हजार जमा होतात. त्यातून पेट्रोल, साहित्य, मदतनीस मुलाचा रोज आणि उरलेल्यात दोघांचे वाटे. फार नाहीत. जूनपासून घरांचे फोन निम्म्यावर येतात, पावसात काच पुसून घेणं लोकांना पटत नाही. तेव्हा दुकानांवर दिवस काढावे लागतात. दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत उलटं होतं, नव्या लोकांना नाही म्हणावं लागतं, कारण वहीतल्यांना आधी वेळ द्यायची असं बहिणीने ठरवलंय. ॲप मी बंद केलं. सर्व्हरचं बिल तेवढं कमी झालं.

गच्चीवरचे सौर पॅनेल धुवायचं काम घ्यावं, असं आता दोघांच्या डोक्यात आहे. धूळ तिथेही बसते आणि वहीतल्या नऊ सोसायट्यांच्या गच्चीवर पॅनेल आहेत. त्यासाठी पाण्याचा पंप, लांब दांड्याचे ब्रश आणि जुनी टेम्पो-रिक्षा घ्यायचीय. परवा ते शिशु कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत गेले होते. बहिणीने वही सोबत नेली. साहेबांनी ती उघडली, पाच-सहा पानं वाचली आणि विचारलं की बाळाच्या झोपेची वेळ कशाला लिहिलीय. तिने सांगितलं. अर्जाचा निकाल यायचाय.